मायस्थेनियाच्या रुग्णाचा श्वास कमी पडू लागला तर: वॉर्डपासून व्हेंटिलेटर सुटेपर्यंत

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये फुप्फुसं बहुधा चांगली असतात, भाता थकलेला असतो. मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या रसायनातून संदेश पाठवतो, पण स्नायूवरचे त्याचे रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागा, प्रतिपिंडांनी निकामी केलेले असतात. त्यामुळे स्नायू थोडा वेळ काम करतो आणि ढिला पडतो. पापणीचं असं झालं तर पापणी पडते. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू असे थकले तर रुग्णाला यंत्राचा श्वास द्यावा लागतो, आणि या अवस्थेला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. दर शंभरात पंधरा-वीस रुग्णांवर ही वेळ आयुष्यात एकदा तरी येते, तीही बहुतेकदा निदानानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत.

हे लिखाण नव्या निवासी डॉक्टरांसाठी आणि आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांच्या वाचनात आलं तर त्यांनी यातून एवढंच घ्यावं: गिळताना ठसका, गेंगाणा आवाज, आडवं झालं की गुदमरणं, खोकल्यात जोर नसणं, यांपैकी काहीही नव्याने सुरू झालं तर घरी गोळी वाढवून वाट बघू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

पहिली पायरी: सॅच्युरेशनवर विसंबू नका

न्यूमोनियात किंवा दम्यात आधी ऑक्सिजन घसरतो, म्हणून आपले डोळे पल्स ऑक्सिमीटरकडे जातात. इथे उलटं आहे. हवेची अदलाबदल नीट होत असते, फक्त हवा आत ओढण्याची ताकद कमी होत जाते. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९७ असतानाही रुग्ण दोन तासांत कोसळू शकतो. त्यातून कुणी नाकाला ऑक्सिजन लावून ठेवला असेल तर ही घसरण आणखी झाकली जाते. कार्बन डायऑक्साइड चढत राहतो आणि मॉनिटरवरचा आकडा छान दिसत राहतो.

एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, हीही अशीच फसवते. सुरुवातीला रुग्ण भरभर, उथळ श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड ३० ते ३५ मिमी इतका खाली असतो. श्वासाचा वेग मिनिटाला ३२ असताना तो ४० आला तर 'नॉर्मल' म्हणून पुढे जाऊ नका. एवढ्या धापेत ४० म्हणजे भाता हरायला लागला आहे. ४५च्या वर गेला तर वेळ फार थोडा उरला आहे.

तिसरा सापळा चेहऱ्याचा. चेहऱ्याचे स्नायूच दुबळे असल्यामुळे घाबरलेपण दिसत नाही, नाकपुड्या फुलत नाहीत, मानेचे स्नायू ताणलेले दिसत नाहीत. रुग्ण शांत वाटतो, कारण शांत नसणं दाखवायलाही ताकद लागते.

दुसरी पायरी: खाटेशेजारच्या चार तपासण्या

यांना यंत्र लागत नाही आणि पाच मिनिटांत होतात.

एका श्वासात मोजणी: रुग्णाला बसवा, खोल श्वास घ्यायला लावा आणि सेकंदाला साधारण दोन या वेगाने मोठ्याने अंक मोजायला सांगा. निरोगी माणूस ५०च्या आसपास जातो. २०च्या अलीकडे थांबला तर सावध व्हा. १५च्या आत थांबला तर वरिष्ठांना फोन करून आयसीयूत खाट मागा. दर वेळी वेग आणि भाषा तीच ठेवा. सकाळी मराठीत आणि रात्री इंग्रजीत मोजलेल्या आकड्यांची तुलना होत नाही.

मान: उताणं झोपवून डोकं उशीवरून उचलायला सांगा आणि कपाळावर हलका दाब द्या. मान पुढे वाकवणारे स्नायू आणि श्वासपटल बऱ्याचदा एकत्रच दुबळे होतात. मान उचलता येत नसेल तर हातापायांत ताकद चांगली असली तरी खुश होऊ नका.

पोट: श्वास आत घेताना पोट वर यायला हवं. ते आत ओढलं जात असेल तर श्वासपटल काम करत नाही. ही तपासणी आडवं झोपवूनच करा, पण रुग्णाला तसं ठेवून कुठे जाऊ नका.

खोकला आणि गिळणं: जोरात खोकायला सांगा आणि कान देऊन ऐका. घशात घरघर, तोंडाच्या कडेने लाळ, चमचाभर पाण्याला ठसका यांपैकी काही दिसलं तर तोंडाने सगळं बंद, गोळ्यासुद्धा. क्रायसिसमध्ये श्वासनलिकेत अन्न जाणं हे कारणही असतं आणि परिणामही.

यानंतर यंत्राचे आकडे. फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी, म्हणजे एफव्हीसी, आणि जमलं तर श्वास ओढण्याचा व सोडण्याचा कमाल दाब मोजा. लक्षात ठेवायला २०-३०-४० हा नियम आहे: एफव्हीसी दर किलोमागे २० मिलीपेक्षा कमी, ओढण्याचा दाब उणे ३० सेंमी पाण्यापेक्षा कमजोर, सोडण्याचा दाब ४० सेंमीपेक्षा कमी. यांपैकी काहीही झालं, किंवा एफव्हीसी आधीपेक्षा ३० टक्क्यांनी घसरली, तर रुग्ण वॉर्डात ठेवायचा नाही. ६० किलोच्या माणसासाठी २० मिली म्हणजे १२०० मिली. वजन उंचीनुसार आदर्श धरायचं, काट्यावरचं नाही.

हा नियम मुळात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराच्या अनुभवातून आला आहे. त्या आजारात ताकद सरळ रेषेत उतरते, मायस्थेनियात ती खालीवर होते. दुपारी १८०० मिली आणि रात्री १००० मिली असं सहज घडतं. म्हणून एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. दर दोन ते चार तासांनी मोजा, आणि पायरिडोस्टिग्मिनच्या (ॲसिटिलकोलीन टिकवून ताकद वाढवणाऱ्या नेहमीच्या गोळीच्या) डोसनंतर किती वेळाने मोजलं तेही शेजारी लिहा. ओठ घट्ट मिटत नसतील तर हवा गळते आणि आकडा खोटा कमी येतो, तेव्हा माउथपीसऐवजी मास्क लावून मोजा.

तिसरी पायरी: पहिला तास

डोकं ३० ते ४५ अंश वर. सक्शन चालू आहे याची खात्री. मॉनिटर, शिरेत दोन लाइन. रक्तात इलेक्ट्रोलाइट, मॅग्नेशियम, फॉस्फेट, किडनी, साखर, थायरॉइड, रक्तपेशी, कल्चर. छातीचा एक्स-रे आणि ईसीजी. निदान अजून पक्कं नसेल तर प्रतिपिंडांसाठीचं रक्त आत्ताच काढा. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं) सुरू झाल्यावर काढलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

मग क्रायसिस कशामुळे आलं ते शोधा. सगळ्यात वर संसर्ग, त्यातही छातीचा. स्टेरॉइडवरच्या रुग्णाला ताप नसला तरी संसर्ग असू शकतो. नुकती शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं किंवा स्वतःहून सोडणं, आणि उलट बाजूने स्टेरॉइडचा मोठा डोस एकदम सुरू करणं, हीही कारणं ठरतात. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत काहीच सापडत नाही. कर्करोगासाठी इम्यून चेकपॉइंट औषधं घेणाऱ्याला मायस्थेनिया झाला असेल तर ट्रोपोनिन आणि सीके (हृदयाची व स्नायूंची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) जरूर पाठवा, कारण हृदयाच्या स्नायूचा दाह सोबत असू शकतो.

औषधांचा कागद स्वतः वाचा. जेंटामायसिन-अमिकासिनचा गट, सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिनचा गट, अझिथ्रोमायसिनचा गट, शिरेतलं मॅग्नेशियम, बीटा ब्लॉकर, प्रोकेनामाइड, क्विनीन, बोटुलिनम टॉक्सिन, पेनिसिलामाइन ही नावं तोंडपाठ हवीत. फ्लुओरोक्विनोलोनच्या वेष्टनावर मायस्थेनियाबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेत २०११पासून छापला जातो. संसर्गासाठी पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गट बहुतेक वेळा पुरतात. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त निसटतं ते मॅग्नेशियम. रिपोर्टमध्ये ते किंचित कमी दिसतं आणि कुणीतरी सवयीने दोन ग्रॅम चढवायला लिहितं. मॅग्नेशियम मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन सुटणंच रोखतं, आणि इथे ते आधीच अपुरं पडतंय. किरकोळ कमतरता असेल तर रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, द्या. शिरेतून देणं खरंच अटळ असेल तर अगदी हळू आणि श्वास मोजत.

बेचैन रुग्णाला झोपेचं औषध देऊ नका. बेचैनी बहुतेकदा कार्बन डायऑक्साइडची असते.

चौथी पायरी: बायपॅप कुणाला

वेळेत सुरू केलेल्या बायपॅपमुळे, म्हणजे मास्कमधून दोन दाबांनी श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रामुळे, बऱ्याच जणांची श्वासनलिकेतली नळी टळते. 'वेळेत' म्हणजे कार्बन डायऑक्साइड चढण्याआधी. तो ४५-५०च्या वर गेल्यावर लावलेला बायपॅप बहुधा हरतो. रुग्ण जागा हवा, सांगितलेलं ऐकणारा हवा, आणि लाळ-कफ स्वतः किंवा सक्शनने आवरता येण्याजोगा हवा. घशात स्राव साचत असेल आणि खोकलाच नसेल तर मास्क म्हणजे स्राव आत ढकलण्याचं साधन होईल.

आत घेतानाचा दाब ८ ते १० सेंमी, सोडतानाचा ४ ते ५ सेंमी इथून सुरुवात करा. आतला दाब दोन-दोनने वाढवत टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) दर किलोमागे ६ ते ८ मिलीपर्यंत न्या. सीपॅप पुरत नाही. स्नायूंना दोन दाबांमधल्या फरकातून मदत मिळते, एकाच दाबातून नाही. हाय-फ्लो ऑक्सिजनचंही तेच: तो आराम देतो, पण भाता चालवत नाही. एक ते दोन तासांनी एबीजी पुन्हा करा. श्वासाचा वेग उतरला नाही, कार्बन डायऑक्साइड चढला, किंवा रुग्ण पेंगू लागला तर मास्क घट्ट करत बसू नका, नळीची तयारी करा.

पाचवी पायरी: नळी दिवसाउजेडी

मायस्थेनियात नळी लवकर टाकल्याबद्दल क्वचितच कुणी पस्तावतं. उशिराची नळी मात्र हृदय थांबल्यावर टाकली जाते. एफव्हीसी किलोमागे १५ मिलीच्या खाली, कार्बन डायऑक्साइड चढता, स्राव न आवरणारे, किंवा रुग्ण स्वतः 'आता होत नाही' म्हणतोय, यांपैकी एक पुरे. संध्याकाळी सहाला रुग्ण सीमारेषेवर असेल तर रात्री दोनला तो तिथे नसेल, हे धरून चला.

नळीआधी दोन मिनिटं काढून ताकदीची नोंद करा: पापण्या, डोळ्यांची हालचाल, मान, हातपाय, रिफ्लेक्स, बाहुल्या. नंतर भूल आणि नळीमुळे हे कळणार नाही. मायस्थेनियात बाहुल्या आणि रिफ्लेक्स शाबूत असतात. बाहुल्या मोठ्या आणि सुस्त असतील तर बोटुलिझम किंवा विषारी सर्पदंश मनात आणा. अगदी बारीक असतील आणि लाळ, घाम, जुलाब असतील तर कीटकनाशकाचा किंवा पायरिडोस्टिग्मिनच्याच अतिरेकाचा विचार करा.

स्नायू सैल करणारी औषधं इथे वेगळी वागतात. सक्सिनिलकोलीनला हे रुग्ण दाद देत नाहीत, कारण त्याला चिकटायला रिसेप्टरच कमी आहेत. म्हणून डोस किलोमागे १.५ ते २ मिग्रॅ लागतो, आणि पायरिडोस्टिग्मिन चालू असेल तर त्याचा परिणाम लांबतो. रोक्युरोनियमबाबत उलटं, थोड्या डोसने खूप परिणाम होतो. सावकाश, ठरवून नळी टाकत असाल तर किलोमागे ०.३ ते ०.६ मिग्रॅ पुरतं, किंवा घशात लिग्नोकेन मारून आणि केटामीन, एटोमिडेट वा प्रोपोफॉलवर सैल न करताही जमतं. घाईची वेळ असेल, पोट भरलेलं असेल, तर अर्धवट डोस देऊन अर्धवट जबडा उघडण्यापेक्षा पूर्ण डोस बरा. परिणाम काही तास टिकेल, पण रुग्ण पुढचे काही दिवस व्हेंटिलेटरवरच असणार आहे. तेवढे तास भूल चालू राहील याची मात्र खात्री करा. जागा पण हलता न येणारा रुग्ण हा भयंकर प्रकार आहे. सुगामॅडेक्स हाताशी असेल तर रोक्युरोनियम उलटवता येतं.

सहावी पायरी: व्हेंटिलेटरवर

पहिले २४ ते ४८ तास भात्याला पूर्ण विश्रांती. असिस्ट-कंट्रोल (प्रत्येक श्वासाला यंत्राची पूर्ण मदत), टायडल व्हॉल्यूम किलोमागे ६ ते ८ मिली, वेग १२ ते १६, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५ ते ८, ऑक्सिजन लागेल तेवढाच. उथळ श्वासामुळे फुप्फुसाचा तळ मिटलेला असतो, म्हणून पीप शून्याजवळ नेऊ नका. बायकार्बोनेट ३०च्या वर असेल तर कार्बन डायऑक्साइड बराच काळ साठत आलाय. तो एका रात्रीत ४०वर आणू नका.

नळी टाकली की पायरिडोस्टिग्मिन थांबवा. नव्यांना हे चुकीचं वाटतं, पण ते स्राव वाढवतं आणि हृदयाची गती बिघडवू शकतं, आणि श्वासाचं काम आता यंत्र करतंय. ताकद परतू लागली, सोडवणूक जवळ आली, की रायल्स ट्यूबमधून ३० मिग्रॅ सहा ते आठ तासांनी असं पुन्हा सुरू करा. हळू सुटणाऱ्या गोळ्या कुटून नळीत घालू नका. आणि शिरेतलं औषध लिहिताना हात थांबवा: तोंडाची ६० मिग्रॅ म्हणजे शिरेतली जेमतेम २ मिग्रॅ.

आता मूळ उपचार. यातला कोणताही आज रात्री उपयोगी पडत नाही, म्हणूनच वरच्या पायऱ्या आधी आल्या.

प्लाझ्मा एक्स्चेंज: दर दिवसाआड एक अशा साधारण पाच फेऱ्या. एका फेरीत किलोमागे ४० ते ५० मिली प्लाझ्मा बदलायचा, म्हणजे ६० किलोला २.४ ते ३ लिटर. बदल्यात ५ टक्के अल्ब्युमिन. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो. मस्क या स्नायूवरच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्या रुग्णाला बहुधा हाच जास्त लागू पडतो. रक्तदाब पडणं, जाड कॅथेटरचा संसर्ग, गोठण्याचे घटक कमी होणं, हे त्रास. सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं. जागा रुग्ण ओठांना मुंग्या येतात म्हणून सांगतो, गुंगीतला सांगत नाही, त्यामुळे आयोनाइज्ड कॅल्शियम मोजा. एसीई इनहिबिटर २४ तास आधी बंद करा, नाहीतर फेरीदरम्यान रक्तदाब धाडकन उतरू शकतो. रोजची औषधं फेरीनंतर द्या, आधी दिलेली वाहून जातात.

इम्युनोग्लोब्युलिन: किलोमागे एकूण २ ग्रॅम, म्हणजे रोज ०.४ ग्रॅम असे पाच दिवस. ६० किलोला रोज २४ ग्रॅम. बाटल्या सहसा ५ आणि १० ग्रॅमच्या येतात, म्हणून २५ धरतात. पहिला अर्धा तास अगदी हळू, मग सोसेल तसा वेग. जोरात सोडलं की डोकेदुखी, थंडी, रक्तदाबाचे चढउतार. शरीरात पाणी पुरेसं ठेवा, क्रिएटिनिन बघत राहा, पायात गुठळी होतेय का ते बघा. परिणामाला पाच दिवस ते आठवडा लागतो. सेप्सिस असेल किंवा रक्तदाब डळमळीत असेल तर हेच सोयीचं.

दोन्हींपैकी जे लवकर सुरू होईल ते चांगलं. मशीन उद्या दुपारी मिळणार असेल आणि इम्युनोग्लोब्युलिन आत्ता फ्रिजमध्ये असेल तर थांबू नका. मात्र इम्युनोग्लोब्युलिन देऊन लगेच एक्स्चेंज करू नका, आदल्या दिवशी चढवलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकल्यासारखं होईल.

स्टेरॉइड: प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिग्रॅपर्यंत. सुरुवातीच्या पाच ते दहा दिवसांत काही रुग्ण आणखी ढासळतात. व्हेंटिलेटरवर असलेल्याला ही भीती फारशी नाही, म्हणून वरच्या दोनांपैकी एक चालू असताना पूर्ण डोस देतात. नळी नसलेल्याला १० ते २० मिग्रॅपासून हळूहळू चढवतात. अझाथायोप्रिनला महिने लागतात. ते या आठवड्यासाठी नसून पुढच्या वर्षासाठी आहे.

रोजची देखभाल

इथे परिचारिकेचा हात डॉक्टरपेक्षा मोठा असतो. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, ऐकतो, समजतो, फक्त पापणी आणि ओठ हलत नाहीत. अक्षरांचा तक्ता ठेवा, हो-नाहीची एक ठरलेली खूण करा आणि ती खाटेवर लिहून लावा, म्हणजे दर शिफ्टला नव्याने शिकावं लागणार नाही. डोळे नीट मिटत नसतील तर मलम आणि टेप. कफासाठी फिजिओथेरपी दिवसातून तीन-चार वेळा, पण रुग्ण दमेल इतकी नाही. गुठळी टाळण्याचं हेपॅरिन, पोटाचं औषध, रायल्स ट्यूबने पूर्ण आहार, दोन तासांनी कूस बदलणं हे नेहमीप्रमाणे.

सातवी पायरी: सोडवणूक

घाई करू नका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, आजही दाखल्यादाखल सांगितल्या जाणाऱ्या एका पाहणीत निम्म्या रुग्णांची नळी १३ दिवसांत निघाली होती, आणि चौथा हिस्सा महिनाभरानंतरही नळीवर होता. वय ५०च्या वर, नळीआधीचं बायकार्बोनेट ३० किंवा जास्त, आणि पहिल्या आठवड्यात एफव्हीसी किलोमागे २५ मिलीपर्यंत न पोचणं, अशांना जास्त दिवस लागले. दोन आठवडे उलटत आले आणि नळी निघण्याचं लक्षण नसेल तर ट्रेकिओस्टॉमीबद्दल, म्हणजे गळ्याला छिद्र करून तिथून नळी घालण्याबद्दल, नातेवाइकांशी बोला.

चाचणी सकाळी घ्या, रुग्ण झोपून ताजा असताना. एफव्हीसी किलोमागे १५ मिलीच्या आसपास, ओढण्याचा दाब उणे २५-३०पर्यंत, मान उशीवरून उचलता येते, सक्शन दोन-तीन तासांनीच लागतं, संसर्ग आवाक्यात आहे, तर प्रेशर सपोर्ट (रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाला यंत्राचा थोडा टेकू) ५ ते ८वर ठेवून बघा. इतर रुग्णांत अर्धा तास पुरतो, इथे दोन तास ठेवा. पहिला अर्धा तास सगळेच पास होतात, थकवा नंतर येतो. शेवटच्या पंधरा मिनिटांतला श्वासाचा वेग सुरुवातीच्या वेगाशी ताडून बघा.

आकडे चांगले आणि खोकला कमजोर, असं असेल तर नळी काढू नका. पुन्हा नळी टाकावी लागण्याचं प्रमाण या आजारात चारात एकाच्या आसपास आहे, आणि त्यामागे बहुधा साचलेला कफ व मिटलेला फुप्फुसाचा तळ असतो. काढल्यावर लगेच बायपॅप लावा, पहिल्या रात्री तर नक्कीच. तोंडाने खाणं गिळण्याची तपासणी झाल्यावरच. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

वॉर्डात पाठवताना मोजणीचा आकडा दर चार तासांनी लिहायची सूचना सोबत द्या, आणि कोणत्या आकड्याला कुणाला फोन करायचा तेही. थायमस या छातीतल्या ग्रंथीची शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती आत्ता नाही, ताकद पूर्ण परतून स्थिर झाल्यावर. डिस्चार्ज कार्डावर प्रतिपिंडांचा प्रकार, नळी किती दिवस होती, कोणत्या उपचाराला दाद मिळाली, स्टेरॉइड कसं उतरवायचं, आणि टाळायच्या औषधांची यादी ठळक अक्षरांत लिहा. त्या यादीची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात राहू द्या, कारण पुढचं अँटिबायोटिक बहुधा दुसराच कुणी डॉक्टर लिहील.